रश्श्याच्या वाटीखालची तबकडी

मळा, तासगाव
ता. १२ जानेवारी २०२५

चि. प्रांजल हीस आजीचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं फाटकाला अडकवलं हुतं, मी कोंबड्यांना दानं टाकता टाकता उभ्यानंच वाचलं. तुझ्या आजाला वाटलं लाइटचं बिल आलं. मी म्हनलं, आवं, माझ्या नातीचं पत्र हाय, तुमास्नी कोन लिवतंय. मग दिवसभर फुगून बसला. फोनवर तुझं बोलनं मला डब्यात मधमाशी कोंडल्यागत ऐकू येतं. डावा कान तर मिटलाच, उजवा चार हातावरचं तेवढं ऐकतो. पत्राचं बरं असतं, कवाबी काढावं, कितीदाबी वाचावं. तिसरीपत्तोर शाळा झाली, तिचं चीज आता सत्तरीला आल्यावर व्हतंय बग.

पन पोरी, तू जमवतीस तरी काय! लोकांच्या पोरी सोनं जमवत्यात, साड्या जमवत्यात. तू जुन्या, यंत्रावर वाजवायच्या तबकड्या. बरं, त्याबी देवाच्या नाहीतर लग्नाच्या असाव्यात. मेंढरांच्या जंताच्या औषधाची तबकडी? तू लिवलंयस की त्यात एक गडी लय गंभीर आवाजात पोटातल्या जंतांची लांबी सांगतो आन् मागं सनई वाजती. मी हे तुझ्या आजाला मोठ्यानं वाचून दाखवलं, तवा त्यो दहीभात खात हुता. ताट तसंच सरकवून उठला. माझं सगळं ल्हानपन मेंढरांमागं गेलं, त्यांच्या पोटातनं काय काय पडतं ते मला सनईशिवाय ठावं हाय.

आन् ती दुसरी, आष्ट्याच्या पानपट्टीत सापडलेली, जिच्यावर वीस वर्साचा पानाचा रस वाळला हुता, ती तू ब्रशनं घासलीस म्हनं. कुठल्या ब्रशनं गं? दाताच्या? वाचून माझ्या जिभेवर काटा आला. त्यो ब्रश आजच्या आज टाक. साखर कारखान्याच्या पहिल्या मोळीचं भाषान मात्र मला आवडलं, निदान ते ऐकून कुनाला वकारी यायची न्हाई. झोप यील फकस्त.

हिकडं द्राक्षं उतरायला लागल्यात. शेडमधी बेदान्याच्या जाळ्या धुऊन झाल्या. तुझा आजा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतो आन् बायकांना शिकवतो, जसं काय द्राक्षं त्याला इचारून वाळत्यात.

तू शेवटाला इचारलंयस की तुझ्या पनज्याच्या, म्हंजी माझ्या बाच्या ओव्या तबकडीवर निघाल्या हुत्या हे खरं का. खरं हाय. पुढचं इचारू नगंस.

लोभ तर तू ठेवतीसच, ब्रश तेवढा ठेवू नगंस.

तुझी आजी,
सुलाबाई

~

सातारा
ता. २६ जानेवारी २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. (आजोबांना वेगळा नमस्कार, दहीभाताच्या माफीसकट.)

ब्रश टाकला. नवा घेतला. आता खाली बसून वाच, उभ्याने वाचायचं हे पत्र नाही.

गेल्या रविवारी दवाखान्यातून सुटल्यावर मी आणि सोनिया महामार्गावरच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो. सोनिया म्हणजे माझ्याच खोलीत राहणारी, तिलाही लोकांचे गुडघे आणि कंबरा वळवायचंच काम आहे. हॉटेलात सगळं जुन्या काळातलं मांडलंय. भिंतीला कंदील, बैलगाडीचं चाक, वाढप्यांच्या डोक्याला फेटे. आणि आजी, प्रत्येक थाळीखाली एक मोठी तबकडी! रश्श्याच्या वाटीखाली छोटी तबकडी! लोक त्यावर रस्सा सांडत होते, हाडं ठेवत होते, एकाने लिंबू पिळून तिथेच चिकटवलं. वाढपी टेबल ज्या फडक्याने पुसत होता त्याच फडक्याने तबकडी पुसून पुढच्या माणसासमोर ठेवत होता. सोनिया म्हणाली काय मस्त कल्पना आहे. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

मी माझी वाटी उचलली. खाली लाल तेलाचं कडं, मधल्या भोकात नळीतल्या मगजाचा तुकडा अडकलेला. तो काढला (हो, बोटानेच) आणि खालची अक्षरं दिसली. हरवलेलं कोकरू, धनगरी ओव्या, भाग एक आणि दोन. गायक बिराप्पा. साथ तानाजी, नाथाजी. सांगली.

माझे पणजोबा, रश्श्याखाली! मी इतक्या जोरात किंचाळले की वाढप्याला वाटलं झुरळ निघालं. मालक म्हणाला न्या की बाई, सांगलीच्या भंगारातून पोतं भरून आणल्यात. आणि माझ्या वाटीखाली त्याने श्रीखंडाच्या डब्याचं झाकण सरकवलं.

कोमट पाणी आणि साबण लावून, मधला कागद कोरडा ठेवून, तीन पाण्यांत धुतली. चौथं पाणीही लालसरच निघालं. न्हाणीघरात दोन दिवस मटणाचा वास होता. आता स्वच्छ आहे, पण वाजवली नाही, कारण माझ्या यंत्राची सुई झिजलीय आणि झिजलेली सुई तबकडी खरवडते. सांगलीचा दुरुस्तीवाला नवी सुई पाठवणार आहे.

आणखी आनंदाची बातमी. मी वीरधवलला फोन केला. तानाजीआजोबांच्या या नातवाला यात्रेसाठी काहीतरी मोठं करायचंच होतं. तो म्हणाला, एप्रिलमध्ये बिरोबाच्या यात्रेत देवळासमोर शिळा बसवू, तबकडी काचेत ठेवू, आणि शिळेवर पणजोबांच्या खाली तानाजीआजोबा आणि नाथाजीआजोबांची नावं कोरू. मी तबकडी देते म्हणून शब्द दिला. तुझ्या माहेरच्या देवळासमोर तुझ्या बाचं नाव! खूश ना?

माया आहेच, ती या वेळी तीन पाण्यांत धुऊन पाठवते आहे.

तुझी,
प्रांजल

~

मळा, तासगाव
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल हीस आशीर्वाद, जेवढे उरल्यात तेवढे. वि. वि.

बसून वाचलं. बसून बी मळमळलं. फेटे घालून असलं खरकटं वाढत्यात? आमी मेंढराच्या वाड्यात जेवलो, शेजारी लेंड्या असायच्या, पन भाकरी सोच्छ फडक्यातच असायची. त्या मालकाला सांग, त्याच्या आज्याचा फोटू माझ्याकडं पाठव, मी त्यावर तांबडा रस्सा वाढते.

पन खरं सांगू का, मगजानं मला तेवढी शिसारी आली न्हाई जेवढी त्या दोन नावांनी आली. तू आनंदानं लिवलंस, म्हनून तुझ्यावर राग न्हाई. तुला ठावंच न्हाई. कुनालाच ठावं न्हाई. चार दिवस इचार केला, सांगावं का नगं. मग आज शेडमधी गंधकाची धुरी दिली, डोळ्यातनं पानी आलंच हुतं, म्हनलं त्यातच लिवून काढू.

मी बारा वर्साची हुते. मुंबईचं कुनी कंपनीवालं सांगलीला आलं हुतं, गावोगावच्या मान्सांची गानी भरून घ्यायला. बाला सांगावा आला. बा ओवी म्हनायचा आन् मागनं माझे भाऊ तानाजी, नाथाजी झील धरायचे. झील म्हंजी बानं शबुद सोडला की मागच्यांनी त्यो सूर लांब वढायचा, तवर बानं दम खायाचा. आई मेंढरांसंगं रानात, म्हनून भाकरी थापायला मला संगं नेलं.

सांगलीत आदल्या दिवशी त्या दोघांनी बर्फाचा गोळा बघितला. जल्मात पयल्यांदा. मला म्हनले, पोरींनी खायाचा नसतो, दात पडत्यात. आन् दोघांनी चार चार खाल्ले, तोंडाचा सुर्रसुर्र आवाज करून, कोपरापत्तोर रंगाचं पानी गाळत. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच्या गळ्यातनं बेडूक वरडत हुता आन् दुसऱ्याच्या गळ्यातनं तेबी न्हाई. बानं दोघांच्या पाठीत घातल्या. पन पाठीत घालून आवाज थोडाच निघतोय.

झील मला यायची. मेंढरांमागं रोज तेच की. मी बाला म्हनलं, मी धरती. बाचं तोंड असं झालं जसं त्याच्या भाकरीत अळी निघाली. पोरीनं गजीची, गड्यांच्या नाचाची झील धरायची? पंचांनी ऐकलं तर? पन सायब घड्याळ बघाया लागला. मग बानं घोंगडं काढलं, माझ्या डोक्यावरनं पायापत्तोर टाकलं आन् मला भितीकडं तोंड करून हुबं केलं. वल्लं घोंगडं, त्याला एडक्याचा वास, वर सांगलीचा उकाडा. त्यात मी दोन्ही बाजू झील धरली. भाग एक आन् भाग दोन. तुझे दोन आजे बाहेर पायरीवर बसून खोकत हुते. सायबानं नावं इचारली तवा बानं पायरीकडं हात केला.

बरं, झालं ते झालं. पुढं माझ्या लग्नात मांडवावर कर्ना लावला हुता. स्पीकरवाल्यानं तीच तबकडी लावली. अंतरपाट नुकता खाली झालेला, मी हळदीच्या अंगानं हुबी, आन् वरनं माझाच आवाज माझ्या डोक्यावर पडतोय! मी माझ्या मावशीला सांगायला त्वांड उघडलं, तवर स्पीकरवाला वरडला, बिराप्पांना साथ करत्यात तानाजी आन् नाथाजी. लोकांनी दोघांना हुबं केलं, फेटे बांधले. आन् ती दोघं हसत हुबी ऱ्हायली, प्रांजल. माझ्याकडं बघून बी हसली. माझ्या पोटातनं असं काय वर आलं, की मी मुंडावळ्यांसकट भडभडून वकले. बाया म्हनल्या नवरी घाबरली.

बानं मला आंदनात भांडी दिली आन् वर ती तबकडी दिली. म्या ती हिकडं आनली आन् परड्यात उन्हात टाकली. उन्हानं तिची वाटी झाली. ईस वर्सं कोंबड्या त्यात पानी पीत हुत्या, आन् पिता पिता त्यातच शिटत हुत्या. मला बघून लय बरं वाटायचं. हे तुझ्या हाटेलवाल्याहून काय वेगळं न्हाई, ते मला कळतंय. पन माझा रस्सा माझ्या पोटातला हुता.

आता तू ठरव शिळेचं. माझ्यावरचा लोभ कमी झाला तर तसं सांग, मी पेंढीवर लोभ करीन, ती नवी कोंबडी हाय.

तुझी,
आजी

~

सातारा
ता. १६ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. सोनियालाही वाचून दाखवलं. ती बर्फाचा गोळा खात नाही आता.

आजी, मला लाज वाटते. मी न विचारता शब्द देऊन बसले. वीरधवलला लगेच फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, ताई, शिळेवर नावं कोरून झालीत, फलक छापलाय, फलकावर दोघांचे फेट्यातले फोटो आहेत. आणि आजीआत्याचं वय झालंय, या वयात माणसाला काहीही आठवतं. हे वाक्य लिहितानाही मला घाण हातात धरल्यासारखं होतंय. पण तुझ्यापासून लपवणार नाही.

मग मी नाथाजीआजोबांना फोन केला. त्या खोलीच्या पायरीवरचा जिवंत माणूस आता तो एकटाच. मी सरळ विचारलं. ते बराच वेळ खोकले. म्हणाले, लई वर्षं झाली पोरी, आठवत न्हाई. फेटा आठवतो का विचारलं, तर तो आठवत होता. रंगासकट.

म्हणजे आता तुझा शब्द एकीकडे आणि छापील नावं दुसरीकडे. सुई अजून आलेली नाही. आली की ऐकते. पण आवाज तुझा आहे हे मी ओळखलं तरी वीरधवल मानेल का? तो म्हणेल, आवाज फुटायच्या आधी मुलगा आणि मुलगी सारखेच ऐकू येतात. तू सांग मी काय करू. तबकडी द्यायची नाही म्हटलं तर देणार नाही, मग त्याने काय म्हणायचं ते म्हणू दे.

लोभाचं कोंबडीला देऊ नकोस. तो माझा आहे.

प्रांजल

~

मळा, तासगाव
ता. २५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल हीस आशीर्वाद, या टायमाला पुरेपूर.

नाथ्याला आठवत न्हाई! फेट्याचा रंग आठवतो आन् गोळा आठवत न्हाई! चार गोळे खाल्ले त्यानं, चौथ्याची काडी सुदीक चोखली, ती खाली पडलेली उचलून चोखली, म्या डोळ्यानं बघितलं. सांगलीच्या रस्त्यावर पडलेली! तवाच मला कळायला पायजे हुतं हे कसलं मानूस हाय.

आन् वीरधवलला माझं वय दिसतंय. फलकावर त्याच्या आज्याला फेटा घातलाय न्हवं, त्याच फेट्याच्या टायमाला मी वकले हुते. हे पन छाप म्हनावं.

पन तुला एक मजा सांगते. तुझं पत्र मी वाचत हुते आन् माझे व्हट हलत हुते, मला आता ऐकू येत न्हाई तर वाटतं मी मनात वाचते, पन सगळं मोठ्यानं निघतं. तुझा आजा शेजारी सुपारी कातरत हुता. त्याचा अडकित्ता थांबला. मला खुनावून इचारतोय, म्हंजी लग्नात तू गान्यापायी वकलीस? मी म्हनलं व्हय. तर ह्यो मानूस उठला, शेडमधी गेला, परत आला, परत गेला. मग माझ्या उजव्या कानाशी येऊन वरडला की गेली चोपन्न वर्सं त्याला वाटतंय, अंतरपाट खाली झाला आन् त्याचं त्वांड बघून मी वकले. चोपन्न वर्सं! म्हनून म्हनं त्यानं मिशा ठेवल्या, म्हनून म्हनं फोटू काढताना मागं हुबा ऱ्हातो. मला हसू आवरंना, त्याला बी आवरंना. शेडमधल्या बायका बघाया लागल्या. मी त्याला म्हनलं, आवं, तुमचं त्वांड तवा काय वाईट न्हवतं, आता झालंय.

तर आसं. तबकडीचं म्हनशील तर देऊ बी नगंस आन् फोडू बी नगंस. माझं नाव शिळेवर मला नगं. दगडावर कावळं बसत्यात. पन त्या दोघांच्या नावाला माझ्या देखत हार घातला तर मी हार घालनाऱ्याच्या अंगावर वकीन, आन् या टायमाला कुनी म्हनायचं न्हाई नवरी घाबरली.

सुई आली का?

लोभ तुझाच. पेंढी आजून अंडी देत न्हाई, तिला कशाला देऊ.

तुझी आजी

~

सातारा
ता. ९ मार्च २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सुई आली. काल दुपारी सोनिया कामावर होती, खोलीत मी एकटी. खिडक्या लावल्या आणि तबकडी लावली.

आधी नुसता कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज. रश्श्याचं काय राहिलं असेल ते असेल. मग पणजोबा आले. आजी, मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण लांब गेलेल्या म्हशीला हाक मारावी तसा तो आवाज. मेंढी कोकराला शोधत ओढ्याकाठी जाते, झुडपाला विचारते, दगडाला विचारते. आणि प्रत्येक ओळीमागून तू येतेस. बारीक, सरळ, न थरथरता, एखादी तार भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधावी तशी. घोंगड्याखालून येतोय हे कळतं, थोडा बुजलेला आहे.

मी पहिली बाजू दोनदा ऐकली. मग दुसरी लावली. दुसऱ्या बाजूला, मेंढी विहिरीत वाकून बघते त्या ओळीनंतर, तुझा सूर एकदम खाली पडतो. दम संपला असावा. आणि तिथे, आजी, पणजोबा पुढची ओळ घेण्याआधी, तोंड बाजूला वळवून, दबक्या रागाने काहीतरी बोलतात. गाण्यातलं नाही. मी सुई उचलली, परत ठेवली. परत. सहा वेळा ऐकलं म्हणजे चूक नको. अगदी स्वच्छ आहे.

ते म्हणतात, सुले, वढ.

आणि सूर परत वर जातो.

सोनिया आली तेव्हा तिला ऐकवलं, मी काहीच न सांगता. तिने विचारलं ही सुली कोण.

आता सांग काय करू.

प्रांजल

~

मळा, तासगाव
ता. १७ मार्च २०२५

चि. प्रांजल हीस आशीर्वाद.

ते म्या इसरले हुते. लग्नात तबकडी दुसऱ्या बाजूपत्तोर म्या ऐकलीच कुठं, मी वकत हुते. आन् नंतर कोंबड्यांनी ऐकली.

पन तुझं वाचलं आन् सगळं आठवलं. घोंगड्याचं एक केस माझ्या तोंडात गेलं हुतं. एडक्याचं, खारट. थुकायची सोय न्हवती, सायबानं थुकलेलं बी यंत्रात जातंय म्हनलं हुतं. मी गिळलं. गिळताना सूर पडला. बा तसाच वसकन् म्हनला, आन् म्या वढला.

बानं जल्मात माझं कवा कौतिक केलं न्हाई. बाकी मानसांच्या बाचं कौतिक तबकडीवर ऱ्हात असंल, माझ्या बाचं वसकनं ऱ्हायलं. चालतंय. तेबी माझ्याच नावानं हाय.

आता वीरधवलला सांग. तबकडी मिळंल. काचेत नगं, आधी कर्न्यावर. दोन्ही बाजू, पुरी, मधी सुई उचलायची न्हाई आन् मधी कुनी माईकवर बोलायचं न्हाई. मग हार घाला कुनाला घालायचा त्याला. एवढंच म्हननं. मी म्होरं बसनार, उजवा कान कर्न्याकडं करून.

पाडव्याला येशील तवा यंत्र बी आन.

लोभ असाच वढून धर.

आजी

~

मळा, तासगाव
ता. २९ एप्रिल २०२५

चि. प्रांजल हीस आजीचे आनंदाचे आशीर्वाद. वि. वि.

तुला दवाखान्यानं रजा दिली न्हाई, त्या दवाखान्याचे गुडघे दुखोत. आता बसून वाच.

यंत्र तुझ्या आजानं मांडीवर घेऊन नेलं, तासगाववरनं जतपत्तोर, एस्टीत कुनाला धक्का लागू दिला न्हाई. एका बाईनं त्यावर बोचकं ठेवलं तर तिला म्हनला, बाई, आत माझी बायको हाय. यात्रा लय भरली हुती. आन् घान तर इचारू नगंस. कापलेल्या बोकडाच्या कातड्यावर माशा, त्याच्या शेजारी मिठाईवाल्याची गुडीशेव, तीच माशी हिकडनं तिकडं. भंडारा घामात भिजून लोकांच्या मानेवर चिखल झालेला. वीरधवल कडक इस्तरीत, अंगाला अत्तर एवढं की माशा सुदीक त्याच्याजवळ जाईनात. मला पाया पडला आन् माझ्या डाव्या कानात लय ग्वाड ग्वाड बोलला. बोलू दिलं. त्या कानात कायबी बोला.

शिळेवर कापड हुतं. म्होरच्या खुर्च्यांवर नाथाजी बसलेला, केशरी फेटा, काठी. माझ्याकडं बघितलं न्हाई. माझ्या शेजारी धोंडुबाई बसली हुती, आमच्या वाड्याशेजारचीच, मेंढरांमागची माझी जोडीदारीन. दात एक न्हाई, पन कान असे की मुंगी चाललेली ऐकंल.

तबकडी लागली. प्रांजल, मला ऐकू आलं. समदं न्हाई, बाचं शबुद गेले कुठंतरी. पन झील आली. कर्न्यातनं सरळ माझ्या उजव्या कानात. लोकं खायाची थांबली. धोंडुबाई पयल्याच वळीला माझ्याकडं वळली आन् माझा दंड चिमटीत धरला, सोडलाच न्हाई, आजून काळानिळा हाय. वीरधवल माईक घेऊन हुबा हुता, तुझा आजा त्याच्या म्होरं जाऊन हुबा ऱ्हायला. मिशा पिळत.

दुसरी बाजू लागली. मेंढी विहिरीत वाकली. माझा सूर पडला. आन् बा वसकला. देवळाच्या म्होरं, चार कर्न्यांतनं, सगळ्या यात्रेवर. सुले, वढ.

तवा धोंडुबाई हुबी ऱ्हायली आन् बोळक्या तोंडानं एवढ्या मोठ्यांदा वरडली की मला डाव्या कानात बी ऐकू आलं. म्हनली आगं सुले, बा हाका मारतोय तुला, आन् बसलीस काय!

सगळी यात्रा माझ्याकडं बघाया लागली. आन् मग सगळी यात्रा नाथाजीकडं बघाया लागली. त्यो फेट्याला हात लावून बसला हुता. वीरधवल त्याच्याकडं माईक घेऊन धावला, म्हनला आजोबा, दोन शबुद सांगा. मला वाटलं आता ह्यो परत इसरनार. माझ्या घशाशी आलंच हुतं सगळं, मी पदर तोंडाला लावला.

नाथाजीनं फेटा काढला. मांडीवर ठेवला. मग माईकमधी म्हनला, गोळा लाल रंगाचा हुता.

तेवढंच. लोकांना कळलं न्हाई, एकमेकांना इचाराया लागली कसला गोळा. वीरधवलला बी कळलं न्हाई. हार हातात घेऊन हुबा, कुनाच्या गळ्यात घालावा ते समजंना, शेवटाला त्यानं यंत्राला घातला.

मी माझ्या जागेवरनंच वरडले. म्हनलं, न्हाई रं नाथ्या, तुझा हिरवा हुता. लाल तानाजीचा.

तुझी आजी,
सुली